टिपूसभर

भूल चढल्यावर, मुख्य काम सुरू होण्याआधी,
बुबुळाच्या कडेनं सुई आत जाते
आणि टिपूसभर पाणी बाहेर येतं.
एक दशांश मिलिलिटर.
एरवी कापसावर टिपून टाकलं असतं.

ग्वांगझौला, नदीकाठच्या इस्पितळात,
औ पेइशान ते नळीत घेते.
नळीवर नाव नाही, फक्त ०४७, उजवा.
उणे ऐंशीच्या कपाटात
इतर लेकरांच्या टिपसांशेजारी ते उभं राहतं.

तिथल्या नदीला मोत्यांची नदी म्हणतात.
डोळ्यातल्या ढगाला मात्र त्यांच्याकडे मोती नाही;
आतला पांढरा आडोसा, एवढंच.
आपण मोती डोळ्यात ठेवला,
त्यांनी नदीत सोडला.
कुणाचं बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

वेई तिंगशंग उसाच्या मुलखातून आला,
दोन बस, एक रेल्वे,
मांडीवर चार महिन्यांची मुलगी.
कागदावरचं तिचं नाव भारदस्त आहे,
घरात ती तांदळाचा दाणा.
फोटोत तिच्या उजव्या डोळ्यात
पांढरं काहीतरी चमकलं होतं.
मेव्हणा म्हणाला, कॅमेरा बिघडलाय.
मेव्हण्याच्या फोनवरही तसंच आलं.

आडोसा काढला.
डोळ्याची लांबी मोजून ठेवली:
सतरा पूर्णांक चार.

वर्षभरानं पुन्हा भूल, पुन्हा मोजमाप.
डावा वीस पूर्णांक एक.
उजवा बावीस पूर्णांक तीन.
तिंगशंगला आकडे वाचून बरंच वाटलं.
त्याच्याकडे जे वाढतं ते चांगलंच असतं:
ऊस, डुकरं, दात,
दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई झाली त्याला.
तिंगशंग गप्प राहिला, मग म्हणाला,
"मग थांब म्हणून त्याला सांगायचं कुणी?"

पेइशान दारात होती, हातात बर्फाचा डबा.

खोलीत यंत्रानं यादी काढून ठेवली आहे,
चारशे बारा प्रथिनं,
गाड्यांच्या नंबरप्लेटसारखी नावं.
काही लांब डोळ्यांत जास्त, काही कमी.
कोण वाढ म्हणतंय, कोण पुरे म्हणतंय,
आणि कोण नुसतंच उभं आहे
लग्नघरात शिरलेल्या परक्यासारखं,
हे यादी सांगत नाही.
०४७ कोण, हे तिला ठाऊक असायला नको.
ठाऊक आहे.

डोळ्यात पाणी म्हटलं
की आपण लगेच रडण्याकडे वळतो.
हे पाणी रडत नाही.
हे आतलं. दिवसरात्र झिरपतं, दिवसरात्र निचरतं,
भिंगाला भरवतं,
कारण त्या घरात रक्ताला मज्जाव असतो.
आणि भिंग काढून टाकलं तरी येतच राहतं,
जेवणारा पानावरून उठून गेल्यावरही
वाढत राहणाऱ्या बाईसारखं.
तिला थांब म्हणून कुणी सांगायचं?

पेइशान डबा खाली ठेवते. बोटं बधिर झाली आहेत.
उत्तर द्यावं असं तिला वाटतं.
उत्तराऐवजी तिच्याजवळ आलेख आहे,
ज्यात ०४७ हा एकटाच ठिपका
रेषेच्या वर, जरा बाजूला.

बाहेरच्या बाकावर मुलगी बसली आहे,
जाड चष्मा, मागून इलॅस्टिकनं बांधलेला.
डाव्या डोळ्यावर पट्टी,
पट्टीवर बापानं बॉलपेननं काढलेला मासा,
शेपूट थोडी चुकलेली.
डब्यातला भात बाकावर सांडला आहे.
ती वाकते.
बोट आपटतं, भलतीकडेच.
पुन्हा.
पुन्हा भलतीकडे.
मग चिमटीत एक शीत येतं.
ती ते चष्म्याला टेकेल इतकं जवळ धरते,
बराच वेळ पाहते,
आणि बापाच्या तोंडात घालते.

पेइशान आत वळते.
कपाट गुणगुणतंय.
०४७, उजवा: अजून निम्मं शिल्लक आहे.