उचल

बोरा सुटला की त्रिएस्तेतली जुनी माणसं म्हणतात,
एक दिवस, नाहीतर तीन, नाहीतर पाच.
सम आकड्यावर तो कधी थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी नेवेंकाचे सांधे सुजले.
कॉफीच्या किटलीचं झाकण फिरेना.
अंगठी कातडीत रुतून बसलेली.
गुडघे असे गरम, की त्यावर मांजर येऊन झोपलं.
मी म्हटलं, वारा.
दुसरं काय?

डॉक्टर कोझुलिच म्हणाले,
अकरा वर्षं हे दुखणं हिच्यात झोपून आहे.
गेलेलं नव्हतं, झोपलेलं होतं.
आता त्याला कुणीतरी हलवलंय.
आठवा. लिहून काढा.

मी जन्मभर बोटींची इंजिनं उघडली.
बिघाड म्हणजे एक वायसर, एक चिरलेली नळी,
चिंधीला पुसून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवता येते अशी वस्तू.
तसंच काहीतरी सापडेल म्हणून
मित्याची जुनी गणिताची वही घेतली,
मागच्या पानापासून सुरुवात केली.

सोमवारी खालची दाढ ठणकत होती, लवंग धरून झोपली.
बुधवारी बहिणीचा फोन. कार्सोवरच्या घराचा विषय. चाळीस मिनिटं.
नंतर फोन ठेवला तो जागेवर बसलाच नाही,
रात्रभर टूं टूं करत राहिला.
शुक्रवारी पाहुण्यांसाठी चादरी. सहा. हातानं, कारण मशीन बिघडलेलं
(मशीन मी दुरुस्त करणार होतो).
झोप: नाही. झोप: नाही. झोप: पहाटे थोडी.
आणि सगळ्यावर, प्रत्येक पानावर, मोठ्या अक्षरात: वारा.

पाचव्या दिवशी तिला औषधाच्या दुकानापर्यंत नेत होतो.
कोपऱ्यावर वाऱ्यानं तिच्या कोटाचा घेर धरला आणि झटकला,
आणि कोट वाजला.

खुळखुळ्यासारखा.

खिशाला भोक होतं.
अस्तरात, खाली शिवणीपाशी, गोळ्या.
घरी टेबलावर मोजल्या. सव्वीस.
पांढऱ्या, मधोमध चीर असलेल्या,
रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत तिनं तोंडात टाकलेल्या.

ती खिडकीकडे बघून बोलली.
मित्याच्या लग्नाच्या फोटोत
मला माझा चेहरा हवा होता.

ह्या गोळ्यांनी तोंड सुजतं, गाल भरतात, हनुवटी नाहीशी होते.
डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला चंद्रमुख म्हणतात.
ज्यानं हे नाव ठेवलं
त्याच्या बायकोनं न्हाणीघरातल्या आरशावर
टॉवेल टाकला नसणार.
आमच्याकडे तो टॉवेल दोन वर्षं होता.
मला वाटायचं, वाळत घातलाय.

कोझुलिच रागावले नाहीत, नुसते चष्मा पुसत राहिले.
ह्या गोळ्यांवरून जिन्यानं उतरायचं असतं, म्हणाले,
एकेक पायरी, महिनोन्‌महिने.
तुम्ही गच्चीवरून उडी टाकलीत.
मग दाढेकडे पाहिलं आणि म्हणाले, हीही आहेच.
आणि चादरी. आणि बहीण.
काडी एकीनं ओढली असेल,
पण गवत काही एका दिवसात वाळत नाही.
वाऱ्याचं विचारलं तर खांदे उडवले.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात.
आमच्याकडे ते मांजराच्या पावलांनी आलं,
आणि मी दाराशी उभा राहून हत्तीची वाट बघत होतो.

लग्न झालं. फोटो आला.
चेहरा तिचाच आहे, हनुवटीसकट.
हात शालीखाली आहेत.

वहीत मी सगळीकडचा 'वारा' खोडला.
खाली लिहिलं: टॉवेल.
दुसऱ्या दिवशी त्याखाली तिचं वाकडंतिकडं अक्षर:
आणि मशीन.

मशीन आता चालतं.
कोटाचं भोक मात्र मी शिवलेलं नाही.
पुन्हा बोरा सुटेल तेव्हा
कोपऱ्यावर मी एक पाऊल मागे राहीन,
कान देऊन.