सॅम्पल नंबर अकरा

सियागंजात मुर्तझाभाईंच्या दुकानात
फरश्या पुस्तकातल्या पानांसारख्या उभ्या,
ते एकेक उलटत जातात:
हे सॅटिन, हे स्टॅच्युरिओ, हे डबल चार्ज,
नव्वद रुपये फूट, तुमच्यासाठी ब्याऐंशी,
चहा येतोय, बसा.

माझी यादी पर्समध्ये होती, लाइट बिलाच्या पाठीवर:
हळदीचा डाग धरू नये.
ओल्या पायाला घसरू नये.
पांढरी नको, केस दिसतात.
काळी नको, धूळ दिसते.
थोडक्यात, जिच्यावर काहीच दिसणार नाही अशी.

यांना परत कोटाच हवा होता.
लोकमान्य नगरातला आमचा कोटा
पंचेचाळीस वर्षं टिकला, म्हणाले,
जणू तेव्हा घमेली यांनीच उचलली होती.

ऋजुता तोवर आतल्या कोपऱ्यात पोचलेली.
तिथं लाकडाचे नमुने, धूळ खात.
इंदुरात कोण घेतं लाकूड?
अकरा नंबरच्या फळ्यांचा एक चौथरा होता, दाखवण्यापुरता.
तिनं चपला काढल्या, वर चढली,
हातानं बाबांना सांगितलं, माझ्या मागे चाला,
आणि डोळे मिटले.

ते चालले.
आता हळू.
आता बूट घालून.
गल्ल्यावरच्या पोराने मोबाइल खाली ठेवला.
मग तिनं त्यालाही वर बोलावलं,
पाठ फिरवली,
आणि बोटांनी सांगत गेली, आता बाबा, आता तो,
आता दोघं.
एकदाही चुकली नाही.

मी म्हटलं, लाकडावर पोछा कसा मारायचा?
बादलीभर पाणी ओतल्याशिवाय मला घर पुसल्यासारखं वाटत नाही.
वाळवी लागते. चौमासात फुगतं.
शिवाय दर बघितलास? एकशे नव्वद!
हे सगळं मी हातांनीच बोलत होते,
आणि रागात माझे हात फार गिचमिड बोलतात.

तिनं एकेक शब्द सुटा करून उत्तर दिलं:
आई, आपला कोटा मुका आहे.

हा शब्द आमच्या घरात चालत नाही.
बस स्टँडवर कुणी तिच्याबद्दल वापरला
तर यांनी कॉलर धरलेली आहे.
तिनं तो दगडाला दिला, सहज,
आणि पुन्हा फळीवर टाच आपटून बघू लागली.

सव्वीस वर्षं
मी मागून जाऊन तिच्या खांद्याला हात लावत आले
आणि ती दचकत आली.
दूध घेतेस का, दचकली.
पेपर कसा गेला, दचकली.
एकदा गरम वरण सांडलं पायावर, मी तिलाच ओरडले,
तोंडानं, म्हणजे भिंतींना.
मला वाटायचं, स्वभाव.
यांच्या आत्याही अशाच दचकायच्या.

मुर्तझाभाई म्हणाले, "नीचे फोम डाल देंगे भाभीजी,
बिल्कुल आवाज नहीं आएगी."
फोम नको, मी म्हटलं.
आवाज यायलाच हवा. खाली पट्ट्या ठोका, पोकळ ठेवा.
ते माझ्याकडे बघत राहिले.
पंधरा रुपये कमी करा, हेही मी तेव्हाच म्हणून घेतलं.

हॉल आणि तिची खोली, एवढंच परवडलं.
स्वयंपाकघर अजून कोट्याचं.
दारात जिथे दगड संपतो
तिथं पितळी पट्टी आहे, रात्री थंड लागते.
ती ओलांडून मी टाच जरा जोरात टेकते, दोनदा.
टेबलाशी पाठमोरी बसलेली ऋजुता
न वळता हात वर करते.

बाथरूमजवळच्या दोन फळ्या फुगल्या आहेत.
पोछा मी पिळून मारते, तरी.
त्या करकरतात, हे म्हणाले.
करकर म्हणजे कसं, तिनं विचारलं.
मला हातांनी सांगता येईना.
मी तिचा तळवा धरून फळीवर पालथा ठेवला,
शेजारी उभी राहिले
आणि हळूहळू वजन टाकलं.