इतर

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात
एकतीस वर्षं व्रणोपचारक होतो.
नाव भारदस्त, काम एवढंच:
जनावर धरायचं. तोंड उघडायचं.

गाईला वरचे पुढचे दात नसतात
हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.
तरी माझा अंगठा दर वेळी वरच्या हिरडीवरून फिरे,
कडक, गुळगुळीत, पाटीसारखी,
जणू एखाद्या दिवशी सापडेलच.
खाली आठ.
आदत, दुसा, चौसा, मग जुळला.
शिंगं काचेनं तासून, तेल चोपडून
तरणी करता येतात.
बाजारात बसवंत शेटे ते छान करायचा.
दातांपुढं मात्र तोही टोपी काढून उभा.

म्हशीला घाम जेमतेम.
म्हणून ती चिखल अंगावर घेते
आणि वाळला की परत जाते.
तुळजाबाईची म्हैस एकदा तळ्यातून निघेना.
सुई हातात धरून मी काठावर बसलो,
चुना संपला, तंबाखू संपली,
ती नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून
माझ्याकडं बघत होती,
मीच आजारी असल्यासारखी.

शेळीचे ओठ म्हणजे बोटंच.
बाभळीच्या दोन काट्यांमधून
पान तेवढं उचलतात.
मागच्या पायांवर उभी राहिली की
मैनोद्दीन म्हणायचा, "बघा, आमची तहसीलदारीण."
डोळ्यातली बाहुली आडवी,
टपालपेटीच्या फटीसारखी.
आत काय पडतं, कळत नाही.

मेंढरं दुपारी गोल करतात,
एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून.
प्रत्येकीचं तोंड सावलीत,
प्रत्येकीची पाठ उन्हात.

गाढव रवंथ करत नाही.
एकदाच चावतं, पण असं चावतं
की कडब्याचा आवाज रस्त्यापलीकडं जातो.

आणि ससा,
हे पटायला मला वेळ लागला,
पहाटे स्वतःचीच मऊ लेंडी परत खातो.
एका फेरीत सत्त्व निघालं नाही
म्हणून दुसरी फेरी.
घरी जेवताना सांगितलं.
बायको ताट घेऊन आत गेली.

मग त्या मार्चात
वलांडीच्या शिवारातल्या कोरड्या विहिरीतून
रोही काढली. मादी, तपकिरी, एक गुडघा सोललेला.
आठ माणसं दोराला होती,
हरभरा खाल्ला म्हणून
आठवडाभर तिला शिव्या घालणारी तीच आठ.
वनखात्याची गाडी सकाळी येणार होती.
मी सवयीनं तोंड उघडलं.
वर हिरडी.
खाली आठ, त्यात दोन रुंद, नवे.
"दुसा," तोंडातून निघून गेलं,
आणि दोरावरचे सगळे गप्प झाले.
प्रत्येकाच्या गोठ्यात
एखादं दुसं होतं.

रात्री शेडमध्ये तिच्या डाव्या कुशीत मूठ दाबली.
पोट हलत नव्हतं.
खाल्लेलं होतं, ते वर येत नव्हतं.
भ्यालेलं जनावर रवंथ करत नाही.
औषध याला नाही, निदान आमच्या कपाटात नव्हतं.
मी दिवा घालवला
आणि पाठ करून बसलो.
तिचे डोळे कानशिलांवर, माझे समोर.
समोर डोळे असलेल्यांनी
तिच्या घराण्याचं काय काय केलंय,
ते तिला मी सांगायला नको होतं.

साडेतीनच्या सुमारास मागून आवाज आला.
ओला. बाजूला सरकणारा.
मान न वळवता मोजलं:
एक्केचाळीस वेळा जबडा,
मग गिळणं,
मग थोडी शांतता,
आणि गळ्यातून पुढचा घास.

सकाळी नोंदवही उघडली.
गाय, म्हैस, शेळी, मेंढी, इतर.
इतरमध्ये एक लिहिला.
शेरा: रवंथ सुरू.

महिनाअखेरीला साहेबांनी बोट ठेवलं.
"हे इतर म्हणजे नेमकं काय?"

दुसा, म्हणालो.