मोसंबी

मिरजेच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मी मोसंबी सोलत होते तेव्हा अण्णा बोलले.
एका श्वासात दोनच शब्द मावत होते:
"पावतीवर नाव शीतलचं.
तुमची धावपळ नको म्हणून.
पैसे तिघांचे."
हे म्हणाले, "अण्णा, ते काय सांगायला पाहिजे?"
आणि मी फोडींवरचे पांढरे धागे काढत राहिले,
त्यांना कडू लागायचे म्हणून.

चाळीस वर्षं मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीत
दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या त्यांनी.
पै चुकली तर रात्री उठून परत बेरीज.
कपडे धुऊनही बनियनचा गळा पिवळाच.
आणि स्वतःचं हे एवढं एक वाक्य
तोंडीच ठेवून गेले.

आमच्या घरात कुणी "नाही" म्हटलं नाही कधी.
आधी मुदत संपायची होती.
मग बँकेचा साहेब बदलला.
मग व्याजाचा हिशोब, मग दिवाळी,
मग वरच्या मजल्याचा स्लॅब,
"ओंकारच्या कॉलेजचं एकदा होऊ दे."
अकरा लाख चाळीस हजार.
आकडा तोच राहिला बोलण्यात,
पासबुकात तो उतरत होता.
किल्ली माझ्याकडे असायची कपाटाची.

शेवटी एका रविवारी दोघं आली.
राजमती कुरुंदवाडहून, यष्टीनं, गुडघा धरत.
सन्मती कारखान्याची पाळी बदलून.
सूर्य असेतोवर जेवणं उरकली.
आमटीला चव आहे, एवढंच बोलणं.
मग बाहेरच्या खोलीत ती सरळ माझ्याकडे वळली,
भावाकडे नाही.
"अण्णा मला फोनवर म्हणाले होते,
शीतलला सांगितलंय, वहिनीपण होती तिथं.
वहिनी, तुम्ही होता ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं नाही.
बघितलं असतं तर कदाचित.
मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही.
मी फळ सोलत होते."
फळ सोलत होते, हे खरंच होतं.

पदराखाली बोटांना वास आला तेव्हा,
सालीचा, तिखट. चार वर्षांनी.

समडोळीला माझंही वावर होतं.
माझ्या भावानं, धनपालनं, मला मोटरसायकलवरून नेलं होतं
हक्कसोडाच्या सहीला.
"अक्का, तुला कमी पडू देईन का मी?"
कचेरीत एक पोरगा म्हणाला, कॅमेऱ्याकडे बघा.
मी बघितलं. फोटोत मी हसतेय.
परत येताना भडंगाचा पुडा आणि एक साडी,
जांभळी, जी मला कधी शोभली नाही.
त्या मोटरसायकलवर तिसरं कुणी नव्हतं.
मी कुणाला विचारणार होते, तुम्ही होता ना म्हणून?

पण हे कारण नाही.
कारणासारखं दिसतं, एवढंच.
राजमतीनं काय केलं होतं माझं?
बाळंतपणात माझं न्हाणं तिनं काढलं.

यंदा क्षमावणीला फोन वाजला.
दरवर्षी मीच करते आधी, मोठी म्हणून.
यंदा हात गेला नव्हता.
"वहिनी, वर्षभरात कळत नकळत
माझ्याकडून काही दुखावलं असेल, तर उत्तम क्षमा."
तिनं मागितली. तिनं.
पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.
मला बोलायचं होतं काहीतरी,
ते दोन दोन शब्दांनी वर येत होतं.
दुसरी शिट्टी.
हे आत पेपर वाचत होते,
पान उलटल्याचा आवाज थांबला होता.

"वहिनी? आहात ना?"

"होते," मी म्हटलं.

तिला ऐकू आलं असावं.
पलीकडे कुणीतरी गॅस बंद केला.
मग फोन आधी कुणी ठेवला,
ते मात्र मला खरंच आठवत नाही.