पाटी

लंडनवाल्यांनी घर घेतलं, सुट्टीपुरतं,
आणि पहिल्याच शनिवारी दारावरची पाटी काढली.
नाव उच्चारता येत नाही, म्हणे.

बेथेस्डाच्या पावसात, कचऱ्यातून
मेरेरिदनं ती उचलली, बाहीनं पुसली.
पणज्यानं कोरलेली अक्षरं, खाणीतला काळा दगड.
लहानपणी थुंकीनं पुसायचे मी, तसलाच.

ह्याच पणज्याच्या गळ्यात
शाळेत घरचं बोलला म्हणून
मास्तरांनी लाकूड अडकवलं होतं.

ती मला पहिलं अक्षर शिकवते:
जीभ टाळूला टेकव, कडेनं वारा सोड.
नाही येत.
मी तिला ळ देते.
तिलाही नाही येत. हसते.

मग पाटी आता कुठे ठोकायची
ह्यावर बराच वेळ बोलत बसलो,
इंग्रजीत.