ताटी बदलण्याचे दिवस

एप्रिलचा दुसरा रविवार, तांडापेठ.
साडेआठलाच गच्ची पायाला चटका देते.
पडद्यावर पिवळी ओळ यायची:
‘ही पद्धत कालबाह्य. लवकरच चालणार नाही.’
तीन वर्षं यायची.
पिवळं म्हणजे अजून वेळ आहे
असं आपलं मी ठरवलेलं.
आज लाल आली.

चिमूरच्या वाचनालयातून दमयंती गेडाम लिहितात,
‘मॅडम, कालपर्यंत चालू होतं.
आम्ही काहीच नाही केलं.’
खरं आहे. मीही काहीच नाही केलं.
तेच तर झालं.

पॅकेज म्हणजे फार काही नाही.
छापखान्यांच्या जुन्या फॉन्टांतला मजकूर
युनिकोडमध्ये आणतं,
रफार जागेवर बसवतं,
पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडून उचलून
पलीकडे ठेवतं.
सहाशे ओळी. त्यातल्या चारशे प्रभंजन हेडाऊच्या,
आणि दोन हजार चौदानंतर
त्याने एकीलाही हात लावलेला नाही.

फोन केला. तो काटोलला, रोपवाटिकेत.
‘ते अजून चालू आहे?’
शाळेतल्या सायकलबद्दल विचारावं तसं.
मग मागे कुणाला तरी ओरडला,
‘जंभेरीवर नको बांधू बे, रंगपूरवर बांध!
खुंट बदलला तरी डोळा संत्र्याचाच आहे ना!’
मग मला, ‘हां, बोल.’
म्हटलं, काही नाही, झालं माझं काम.

झालं नव्हतं.

गुलाबभाऊ नंदनवार
कूलर उघडून बसलेत व्हरांड्यात.
वाळ्याच्या जुन्या काड्या फरशीभर,
ओल्या मातीचा वास,
आणि टाकीच्या तळाशी मागच्या जूनचं एक नाणं.
‘बॉडी जुनी हाय बाई.
ह्या मापाची ताटी आता येऊन नाही राहिली.’
‘मग?’
‘मंग काय, पट्टी मारून देतो.
पण पुढल्या साली बॉडीच पाहा लागन.’

नवा नियम असा की
बिल्ड आता रिकाम्या खोलीत होतो.
घरात काय काय पडलं आहे ते त्याला दिसत नाही.
जे लागतं ते आधी यादीत लिहायचं,
नावानिशी, व्हर्जननिशी.
इतकी वर्षं चालत होतं
कारण माझ्या मशीनवर सगळं आधीच होतं.
मला वाटायचं, आमचं पॅकेज कुणावाचून अडत नाही.
रिकाम्या खोलीत ते नऊ वेळा पडलं
आणि दर वेळी एकेक नाव सांगून पडलं.
दुपारी दोनला लाइट गेली.
दहावं नाव मी वहीत पेन्सिलीने लिहिलं.

जुनी सेटअपची फाईल पुसताना
वरच प्रभंजनची एक टीप सापडली:
‘हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.’
हात लावला.
टीप मात्र नव्या फाईलमध्ये नेली.

मग रकाने. लेखक: हेडाऊ. तो तसाच.
देखभाल करणारे: निनावे.
हे माझं आडनाव आहे, खरंच.
लोकांना वाटतं कुणी नाव दिलंच नाही.
दोन जणांनी तसं कळवलंही होतं,
रकाना रिकामा राहिलाय, भरून घ्या.
या वेळी पुढे नाव जोडलं: शकुंतला.
छोट्या जागेत ते फार लांब दिसलं.
राहू दिलं.

पाचला हिरवी खूण.
आतून आई विचारते, ‘सुधरलं का?’
कूलरबद्दल.
हो म्हटलं.
पट्टी मारलेली ताटी एका कोपऱ्यातून ठिबकते आहे,
पण हवा गार.
चिमूरहून दमयंतीबाईंचा फक्त अंगठा.

हिरव्याच्या खाली बारीक पिवळं काहीतरी.
परवाना असा लिहिणं यापुढे…
आधी पाणी पिते.
मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर,
नोव्हेंबरच्या पानावर,
दुधाच्या हिशोबासाठी सोडलेल्या जागेत
तारीख लिहून ठेवते.