फरशीला गाल लावून

रिक्षावाल्या मुजीबभाईंनी स्टेशनवरच सांगितलं,
जगात जर्मनी, भारतात परभणी.
तेव्हापासून निहार प्रत्येक वळणावर विचारतो,
आई, जर्मनी आली का?
आणि मला नाही म्हणवत नाही.

वेंगुर्ल्याहून निघालो तेव्हा पर्समध्ये
नेमणुकीचा कागद, हॉस्पिटलात रुजू व्हायला पाच दिवस.
आता दोन उरलेत.
पारा चव्वेचाळीस.
रात्री लॉजच्या पंख्याखाली ओला पंचा पांघरतो तिघं,
सकाळी तो पापडासारखा उचलावा लागतो.

पहिलं घर जिंतूर रोडला, वरच्या मजल्यावर.
स्लॅबखाली उभं राहिलं की
डोक्यावर कुणी तवा धरल्यासारखं.
निहारनं न्हाणीतला नळ सोडला.
नळ खोकला,
आतून एक मुंगळा बाहेर आला, भिंतीवर चालू लागला.
येतं की पाणी, मालक म्हणाले,
आठ दिसाला एकदा. आन् टँकर हायच.
निहार बोटांवर आठ मोजत राहिला.
त्याच्या लेखी पाणी येत नसतं,
ते असतं.

दुसरं घर वसमत रोडला. ऐसपैस,
दारात कडुलिंब, पायरीपर्यंत सावली.
काकूंनी ताक दिलं, जिरं लावलेलं.
आडनाव काय म्हणलात?
तांडेल.
तांडेल म्हणजे कोण?
होडीच्या सुकाणूवर बसतात ते.
म्हणजे तुमच्यात मासे...
पेले रिकामे व्हायच्या आत आठवलं त्यांना,
घर दिलंय म्हणून, पुण्याच्या भाच्याला, कालच.
ताक मात्र खरंच चांगलं होतं.

तिसऱ्याला बोअर होता,
खिडकीत कूलरची चौकट होती,
पण लेकरं चालत नव्हती.
भिंतीवर रेघा वढतेत, मालक म्हणाले,
दुपारचं झोपू देत नाहीत.
शेवू तेव्हा एक शब्द बोलली नव्हती.
ती घरात शिरली की चपला काढते
आणि पालथी पडून फरशीला गाल लावून बघते.
हे तिला कुणी शिकवलेलं नाही.
इथं तिनं गाल लगेच उचलला.
मग मीही फार गयावया केली नाही.

दोह्याहून यांचा फोन. इथं सत्तेचाळीस, म्हणाले,
जणू पैज लागलीय.
आठ जणांत एक खोली, पण एसी आहे.
त्यांनी फोन फिरवून एसी दाखवला,
मी फोन फिरवून रस्ता दाखवला.
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.
घर मिळालं का, त्यांनी विचारलं नाही.
मीही विचारलं नाही, कधी येणार.

कारेगाव रोडचं मुजीबभाईंनीच सुचवलं.
जमंल तर बघा ताई, नाहीतर ऱ्हाऊ द्या.
पत्रे स्वयंपाकघरावर, संडास अंगणापलीकडे,
मोरीला दार नाही, पडद्याची तार तेवढी.
सोजराबाई कच्छवे सुपात तूर निवडत होत्या,
उठल्या नाहीत. जावा आत, बघा.

आत शहाबादी फरशी. काळसर, मधे भेगाळलेली,
कितीतरी पायांनी घासून गुळगुळीत.
शेवूनं चपला काढल्या. गाल लावला.
आम्ही वाट बघितली.
मग दुसरा गाल लावला.
मग तिचे पाय सैल पडले, तोंड उघडं राहिलं,
ओठाखाली फरशीवर ओलसर ठिपका.

चार दिवसांत पहिल्यांदा भर दुपारी झोपली होती ती.
मी उचलायला वाकले.
ऱ्हाऊ द्या मायबाई, सोजराबाई म्हणाल्या,
काहून उठवायलात लेकराला?
भाड्याचं ती उठल्यावर बोलू.
बाहेर मुजीबभाईंनी रिक्षा बंद केली.
मी भिंतीला टेकले, आडनाव तयार ठेवून.
त्यांनी विचारलं नाही. पुढे विचारतीलही.
सुपात तूर इकडून तिकडे सरकत होती.

आजी, निहार हळूच म्हणाला,
इथं समुद्र आहे?
समिंदर? त्यांनी एक खडा वेचला, अंगणात फेकला.
गंगा हाय की, गंगाखेडला.
उन्हाळ्याचं जरा वाळूच जास्ती.